जावयाच्या स्कूटरची जाहिरात

भिंतीवर टांगल्यापासून माझा मान फार वाढला आहे. घरात येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढता काढता आधी माझ्याकडे बघतो आणि मग घरच्यांकडे. मित्रांनो, मी एक जुनी जाहिरात आहे. मोशीतल्या एका नव्या इमारतीत, रविराजच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर काचेच्या फ्रेमीत मी राहते. माझा पिवळा रंग आता उतरला आहे आणि एका कोपऱ्याला गंज लागला आहे. कागदाला गंज कसा लागेल, असं तुम्ही विचाराल. तेही सांगते. मला सांगायला वेळच वेळ आहे आणि या घरात तुमच्याशिवाय ऐकायला कुणी मोकळं नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. एका दिवाळी अंकाचं मलपृष्ठ म्हणून मला छापलं. मलपृष्ठ म्हणजे मानाचं पान. कागद गुळगुळीत, छपाई रंगीत. आतल्या जाहिराती बिचाऱ्या काळ्या-पांढऱ्या होत्या आणि मी त्यांच्याशी फारसं बोलतही नसे. तरी तोंडओळख होती. एका पानावर चेहरा उजळवणारं स्नो होतं, एकावर नवऱ्यासाठी स्वेटर विणायची लोकर, एकावर बाळंतिणीचं टॉनिक. आमच्या अंकातले सगळे पुरुष लांब कुठंतरी बघत आणि सगळ्या बायका त्या पुरुषांकडे बघत. वाचकाकडे सरळ बघणारी बाई अख्ख्या अंकात एकच होती. ती डोकेदुखीच्या बामची होती.

माझं चित्र असं आहे. पिवळीधमक अश्विनी स्कूटर. तिच्यावर सुटाबुटातला नवरा, हँडल धरून बसलेला. मागे एका बाजूला पाय सोडून शालू नेसलेली नवरी, नजर खाली. फाटकाशी काळी टोपी घातलेले वडील हात जोडून उभे आहेत आणि त्यांच्या मागे आई पदराने डोळे पुसते आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, ‘लेकीचं सुख जावयाच्या हाती, जावयाच्या हाती अश्विनी.’ खाली बारीक अक्षरांत, ‘आजच नाव नोंदवा.’ वडील हात कुणाला जोडतात, देवाला की जावयाला, हे चित्रकाराने स्पष्ट केलेलं नाही. त्या काळी ते कुणी विचारलंही नाही. लोक मला बघून म्हणायचे, किती गोड चित्र आहे.

अश्विनी स्कूटर पिंपरीच्या पट्ट्यातच तयार होत असे. त्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये ज्योतीराम नावाचा कामगार होता. लातूरकडून आलेला, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. साहेबांच्या घरून कँटीनमध्ये आलेल्या रद्दीत त्याला मी सापडले. त्याने मला अंकातून अलगद फाडलं, शर्टाच्या आत छातीशी धरून चाळीतल्या खोलीवर आणलं आणि बायकोपुढे, मंजुळाबाईपुढे, धरलं.

“बघ, ह्या गाडीला मी रंग मारायलो. आपली कुसुम मोठी झाली की ह्याच गाडीवर माझा जावई बसंल.”

कुसुम तेव्हा पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला नुकती लागली होती. धाकटा रविराज रांगत होता. ज्योतीरामने घरात गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि पत्र्याच्या नव्या पेटीच्या झाकणाला आतून मला चिकटवलं. ती पेटी कुसुमच्या लग्नाची. मग तो गेला आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून आला.

मित्रांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्या काळी खिशात पैसे असले तरी स्कूटर मिळत नसे. नाव नोंदवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. वाट कितीतरी वर्षांची. म्हणून आमच्या भागातले शहाणे बाप मुलगी लहान असतानाच नंबर लावून ठेवत. मुलगी आणि नंबर एकदम वयात आले पाहिजेत, असा हिशेब. रोज शेकडो स्कूटरींना रंग मारणारा ज्योतीरामही त्याच रांगेत उभा राहिला आणि त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट चाळीत त्याची पत वाढली.

माझं पुढचं आयुष्य अंधारात गेलं. पेटी उघडली की उजेड, मिटली की अंधार. पण उजेड यायचा तो काहीतरी नवं घेऊन. कधी पितळी डबा, कधी चादर, कधी मंजुळाबाईने भिशी लागल्यावर घेतलेली साडी. आणि दर वेळी कुसुम पेटीच्या काठावर हनुवटी टेकून मला बघायची. बाकीच्या मुली नवरीकडे बघतात. ही स्कूटरकडे बघायची. चाक कुठं बसतं, ब्रेकची तार कुठून जाते, हे बोटाने शोधायची आणि मग खडूने खोलीच्या फरशीवर माझी स्कूटर काढायची, नवरा-नवरी वगळून. मला त्याचा जरा राग यायचा. चित्रातली मुख्य माणसंच गाळायची म्हणजे काय?

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. तेव्हा घरच्यांना आत सोडत. एका दसऱ्याला कुसुम झेंडूची माळ घातलेल्या नव्या कोऱ्या स्कूटरवर चढून हँडल धरून बसली. फोरमन हसत म्हणाला, “पोरी, तुझी जागा मागच्या सीटवर.” सगळे हसले. ज्योतीरामही हसला. घरी येऊन मंजुळाबाईने ही गंमत शेजारणीला सांगितली, तेव्हा पेटी उघडीच होती. कुसुम मात्र हसत नव्हती.

ती दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला तिचं नाव लागलं. यंत्राची चित्रं काढायचं शिक्षण. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. आणि त्याच उन्हाळ्यात ज्योतीरामचा नंबर लागला.

गाडी घरी आली. चाळीच्या बोळात, ताडपत्रीखाली, जिना आणि नळ यांच्यामध्ये उभी राहिली. जाणारा-येणारा ताडपत्री उचलून बघे आणि विचारे, “गाडी आली राव, नवरा कुठंय?” ज्योतीरामला स्कूटर चालवता येत नव्हती. तो रोज शिफ्टवरून आला की ती पुसायचा. एके दिवशी घरात कुणी नसताना कुसुमने ताडपत्री काढली, किक मारली आणि बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली. ती पेटीतून ओढणी काढायला आली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. तसा आनंदी चेहरा माझ्या चित्रात कुणाचाच नाही.

बापाला कळलंच. त्याने मारलं नाही. तो मटकन खाली बसला.

“मीटरवर आकडा चढला की गं! कोरी गाडी द्यायची हाय आपल्याला. मीटर शून्यावर पायजे.”

“आण्णा, कोर्स होऊ द्या माझा. मग लग्नाचं बघा,” कुसुम म्हणाली.

“आन् तवर गाडी उभी करून गंजवू व्हय?”

गाडीसाठी मुलीची घाई झाली, मित्रांनो. वर्षानुवर्षं वाट बघून आलेली वस्तू, ती वाया कशी घालवायची? आयटीआयची जागा गेली. तळेगावातलं स्थळ आलं, नवरा पतसंस्थेत कारकून. मुलाकडच्यांनी कुसुमला बघितलं, पण गाडीला त्याहून बारकाईने बघितलं. लग्नात मांडवाच्या दारात स्कूटर उभी केली होती, हँडलला फुगे. वरातीत नवरा तिच्यावर बसला, मागे कुसुम. ज्योतीराम हात जोडून उभा होता. कुणी शिकवलं नव्हतं, पण अगदी माझ्या चित्रातल्या वडिलांसारखा. लोक म्हणाले, हुबेहूब चित्र.

पेटीबरोबर मी तळेगावला गेले. तिथे मी काय बघितलं ते सगळं लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते. त्या काळी रांगेत न थांबता गाडी हवी असलेले लोक पुष्कळ होते आणि ते दुकानातल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजत. कुसुमच्या नवऱ्याने महिन्याच्या आत गाडी विकली. आणि मग घरात बोलणी सुरू झाली की आमचा मुलगा पायी ऑफिसला जातो, सासऱ्याला लाज वाटत नाही का. दुसरी गाडी आण, तोवर माहेरी जा. कुसुम पेटी घेऊन परत आली. बसच्या टपावर पेटी, पेटीत मी.

आता ज्योतीरामने काय करावं? जावयाच्या दारात जाऊन जाब विचारावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. त्याने पेटी उघडली, बराच वेळ माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा नाव नोंदवलं. दुसरी स्कूटर. पुन्हा तीच रांग. “नंबर लागू दे, पोरी, मग तुला स्वतः न्हेऊन सोडतो,” तो म्हणाला. आणि कुसुम नंबरची वाट बघत बसली. किती वर्षं बसली ते मोजण्यात अर्थ नाही. मधल्या काळात तळेगावच्या माणसाने दुसरी बायको केली आणि त्याला मुलंही झाली. ज्योतीरामचा दुसरा नंबर लागला तोवर रांगच उरली नव्हती. दुकानात गाड्या ओळीने धूळ खात उभ्या होत्या, हवी ती घ्या आणि आजच घेऊन जा. त्याला नंबर लागल्याचं कार्ड आलं. ते हातात धरून तो दारात उभा होता आणि त्याला घरात यायला सुचत नव्हतं.

ज्योतीराम त्यानंतर फार जगला नाही. मंजुळाबाईही गेली. कुसुम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये रबरी वायसर निवडायच्या कामाला लागली. रविराजचं शिक्षण, त्याचं लग्न तिने केलं. त्याची बायकोही कंपनीत शिफ्टला जायची, म्हणून त्याची मुलगी करिष्मा आत्याच्याच हातावर वाढली. दूध, डबा, शाळेची वेणी, ताप, सगळं कुसुमने केलं. गळ्यात काळे मणी मात्र तिने ठेवले. काढायचे की ठेवायचे हे तिला कुणी सांगितलंच नाही. आधी चाळीत आणि आता सोसायटीत सगळे तिला कुसुमताई म्हणतात.

रविराजने मोशीला फ्लॅट घेतला तेव्हा जुनं सामान काढताना करिष्माला पेटी सापडली. तिने झाकण उघडलं आणि किंचाळली, “बाबा, हे बघा! किती भारी! एकदम विंटेज!” इतक्या वर्षांत माझं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं. मी सुखावले, खोटं कशाला बोलू. खळीने मी इतकी घट्ट बसले होते की सुटेना. मग चिंचवड स्टेशनच्या फ्रेमवाल्याने झाकणाचा पत्राच कापला आणि पत्र्यासकट मला काचेत बसवलं. कोपऱ्यातला गंज त्या पत्र्याचा. कुसुमताई एवढंच म्हणाली, “नको लावू गं भिंतीला.” पण का नको, ते तिने सांगितलं नाही, आणि करिष्माने विचारलं नाही.

करिष्मा इंजिनीअर आहे. चाकणच्या कंपनीत क्वालिटीत काम करते आणि मोठमोठ्या पुरुषांनी बनवलेले पार्ट नापास करते. मागच्या महिन्यात तिचं लग्न ठरवायला पाहुणे आले. मुलगा सुजित, निगडी प्राधिकरणातला, ताथवड्याच्या कॉलेजात शिकवतो. बरोबर त्याची आई, शैलाताई. करिष्मा आणि सुजितने एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, बोलणं उरलं होतं.

सुजित माझ्यासमोर उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला, “लेकीचं सुख जावयाच्या हाती! आज कुणी अशी जाहिरात केली तर लोक फाडून खातील.”

सगळे हसले. शैलाताई म्हणाल्या, “काय ते दिवस होते बाई! मुलीचा बाप म्हणजे कायम हात जोडलेला.” करिष्माने माझा फोटो काढला. कुसुमताई पोह्यांच्या बशा घेऊन आली, तेव्हा रविराज म्हणाला, “ही माझी बहीण. इथंच असते.” तेवढ्यावर सगळी ओळख संपली.

चहा झाल्यावर शैलाताई सोफ्यात जरा पुढे सरकल्या. “आमचं काही मागणं नाही हो. मुलगी दिलीत, सगळं आलं. फक्त सुजितला रोज बाईकने जावं लागतं, पाठीचा त्रास आहे. तुम्ही तुमच्या मुलीच्या सोयीसाठी चारचाकीचं काही केलंत, तर आम्ही नाही कशाला म्हणू?”

रविराजने मान खाली घातली. मला वाटलं, आता करिष्मा उठेल. पार्ट नापास करणारी मुलगी आहे ती. मी काचेतून तिच्याकडे बघत राहिले.

“काकू, बाबांना नका टेन्शन देऊ,” ती हसत म्हणाली. “गाडी मी घेतेय. बुकिंगसुद्धा केलंय. माझ्या पगारातून हप्ता जाईल. सुजितच्या नावावर घेऊ, त्यालाच जास्त लागणार.”

शैलाताईंनी कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “आजकालच्या मुली किती स्वावलंबी, बघा.”

तेव्हा दारात उभी असलेली कुसुमताई बोलली. एवढ्या वर्षांत तिला पाहुण्यांसमोर बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“हप्ता तुझा आणि नाव त्यांचं?”

“आत्या, काय फरक पडतो?”

“माझ्याबरोबर ही गाडी दिली होती.” तिने बोट माझ्याकडे केलं. “हीच, भिंतीवरची. महिन्यात विकली त्यांनी. मग दुसरी मागितली. आण्णांनी पुन्हा नंबर लावला आणि मी घरात बसून राहिले. माझा आयटीआयचा नंबर लागला होता, तो ह्या गाडीनं खाल्ला. करिष्मा, गाडी घ्यायची तर घे. तुझ्या नावावर घे. चालवायला शिक. पण देऊ नको.”

सुजित मोबाइलकडे बघत होता. शैलाताई हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, तो काळ वेगळा होता. आता काय तसं राहिलंय?” आणि रविराज दातओठ खाऊन म्हणाला, “ताई, तू आत जा बरं.”

करिष्मा लालबुंद झाली होती. “आत्या, मला कुणी जबरदस्ती केलेली नाही. मी माझ्या पैशानं, माझ्या मर्जीनं घेतेय. प्रत्येक गोष्टीत तुझं नको ना आणूस.”

कुसुमताई आत गेली. थोड्या वेळाने बैठकीत पेढे वाटले गेले आणि साखरपुड्याची तारीख ठरली. माझ्यासमोर दोघांना उभं करून फोटोही काढला. पाठीमागे मी, म्हणून तो फार छान आला असं सगळे म्हणाले.

पाहुणे गेल्यावर कुसुमताई बशा विसळून हॉलमध्ये आली आणि टीव्हीखालच्या कट्ट्यावर बसली. करिष्मा तिच्याजवळ येऊन बसली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मुलगी वाईट नाही हो. तिचा आत्यावर खरंच जीव आहे. मला वाटलं, आता तरी विचारेल की आयटीआयचं काय झालं होतं, तू काय शिकणार होतीस.

“आत्या, रागावू नकोस, पण एक सांगू? साखरपुड्याला तू जरा मागंच राहशील ना? ओटी भरताना वगैरे. शैलाकाकू बाबांना विचारत होत्या, यांचे मिस्टर कुठं असतात म्हणून. तिथं सगळेच विचारतील. प्रत्येकाला काय सांगत बसायचं?”

कुसुमताईने तिच्या केसांतून हात फिरवला. लहानपणी वेणी घालताना फिरवायची तसाच.

“राहीन की मागं. मला काय,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही आता माझ्याकडून विनवणीची वाट बघत असाल. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला जपा, पुसा, उन्हात ठेवू नका. माझी तशी काही तक्रार नाही. मला काच आहे, पाठीला पत्रा आहे, दर रविवारी कुणीतरी फडका मारतं. माझं म्हणणं इतकंच आहे की मला काढा आणि जमलं तर त्या बाईला पुढे बसवा. तुमच्याही घरात अशी कुणी आत्या, कुणी मावशी असेल, जिची ओळख ‘इथंच असते’ एवढ्यावर संपते. तिला विचारा, तुला काय व्हायचं होतं. मला माहीत आहे, तुम्ही विचारणार नाही. गाडी पुढच्या आठवड्यात येते आहे आणि सगळे त्या गडबडीत आहेत. जाहिरातीचं कुठं कुणी ऐकतं, असं म्हणून तुम्ही हसाल. ज्योतीरामने ऐकलं होतं.